वेगवान गाडीचा हिशेब : बंदर, लातूर की बीदर?

दीडशे अश्वशक्तीच्या आसपास किंवा त्यापुढची ताकद, थांबलेल्या अवस्थेतून शंभरचा वेग नऊएक सेकंदांत, आणि त्या वेगाला साजेसे ब्रेक व सस्पेन्शन असलेली मोटारगाडी म्हणजे परफॉर्मन्स कार, ही ढोबळ व्याख्या इथे पुरेशी आहे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमापट्ट्यात, म्हणजे औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत, अशा ‘पॉवरच्या गाडी’चा ग्राहक आता दुर्मिळ राहिलेला नाही. तुरीच्या डाळमिलीचा मालक, रस्त्यांचा कंत्राटदार, खासगी दवाखान्याचा डॉक्टर, आखातातून परतलेला अभियंता, सगळे त्यात आहेत. खरेदीचा विषय निघाला की या ग्राहकाला ऐकवले जाणारे मत ठरलेले असते : शोरूममधली गाडी म्हणजे पाणी घातलेली, अस्सल माल हवा तर बाहेरून मागवावा, ते जमत नसेल तर हैदराबादेतून ‘इम्पोर्टेड’ उचलावी, आणि काहीही घेतले तरी पासिंग लातूर-सोलापूरचे करावे, म्हणजे कर्नाटकाचा कर वाचतो. हे मत इतक्या आत्मविश्वासाने मांडले जाते की त्यामागचा हिशेब कोणी मागत नाही. तो मांडल्यावर तिन्ही सल्ल्यांत फारसे काही उरत नाही.

बाहेरून मागवण्याच्या वाटेत पैशांच्या आधी नियम आडवे येतात. परदेश व्यापार धोरणानुसार नवी गाडी ती जिथे बनली त्याच देशातून यावी लागते. स्टिअरिंग उजवीकडे, वेगमापक किलोमीटरमध्ये, हेडलॅम्प डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे, या अटी त्यापाठोपाठ येतात. शिवाय आयातीपूर्वी तिची कोणत्याही देशात नोंदणी झालेली चालत नाही. दुबईत ‘झिरो किलोमीटर’ म्हणून मिरवणारी, पण कागदावर एकदा नोंदलेली गाडी भारतीय नियमांनी नवी राहत नाही, हे अनेकांना पैसे गुंतल्यावर कळते. जुन्या गाडीचे नियम याहून कडक आहेत : वय तीन वर्षांच्या आत, उतरवण्याचे बंदर मुंबई आणि फक्त मुंबई, आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी.

आखातातून परतणाऱ्यांचा प्रश्न तर स्टिअरिंगच्या अटीतच निकालात निघतो. दुबई, रियाध, दोहा, मस्कत, सगळीकडे गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. तिथे दहा वर्षे प्रेमाने चालवलेली गाडी सोबत आणण्याचे स्वप्न कलबुर्गीच्या रस्त्यावर उतरू शकत नाही. कायमचे परतणाऱ्याला गाडीवर शुल्क माफ असते, ही समजूतही चुकीची आहे. सामानाच्या नियमांतली सवलत घरगुती वस्तूंना आहे, मोटारगाडीला नाही. ‘कार्ने’ नावाच्या दस्तऐवजावर शुल्क न भरता गाडी देशात आणता येते हे खरे, पण ती सोय फिरायला आलेल्यांसाठी आहे. सहा महिन्यांत गाडी परत न्यावी लागते.

आता पैसे. पूर्ण बनवलेल्या अवस्थेत येणाऱ्या गाडीची किंमत, विमा आणि जहाजभाडे मिळून चाळीस हजार डॉलरच्या वर गेली, तर फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पानंतर तिच्यावर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसतो. एकूण ११० टक्के. त्या अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी ‘परदेशी गाड्यांचे शुल्क सत्तरवर आले’ अशी हवा झाली होती. सत्तरवर आला तो शुल्काचा एक भाग. उरलेला भार उपकराच्या नावाने तिथेच ठेवला गेला. जुन्या गाडीवर हाच एकत्रित भार १३७.५ टक्के. त्यावर पुन्हा जीएसटी, आणि तो गाडीच्या मूळ किमतीवर नव्हे, शुल्क मिळवून झालेल्या किमतीवर. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांना हा दर सरसकट ४० टक्के आहे.

बंदरावर ४० लाख रुपये किमतीने उतरलेली गाडी घेतली, तर शुल्क ४४ लाख, बेरीज ८४ लाख. त्यावर जीएसटी ३३ लाख ६० हजार, म्हणजे १ कोटी १७ लाख ६० हजार. कर्नाटकात २० लाखांवरील गाडीचा लाइफ टॅक्स १८ टक्के, आणि त्या करावर ११ टक्के उपकर, म्हणजे प्रत्यक्षात २० टक्क्यांना दोन पैसे कमी. करासाठी हीच किंमत धरली तर आणखी साडेतेवीस लाख. चाळीस लाखांची गाडी बीदरच्या आरटीओतून बाहेर पडते तेव्हा १ कोटी ४१ लाखांची झालेली असते. त्यात विमा नाही, क्लिअरिंग एजंट नाही, बंदरावरचे भाडे नाही, ट्रकवरून गाडी आणण्याचा खर्च नाही.

फार मोठे इंजिन नसलेली, चाळीस हजार डॉलरच्या आतली गाडी निवडली तर शुल्क ७० टक्क्यांवर थांबते. जपानमधली किंवा इंग्लंडमधली एखादी चपळ हॅचबॅक बंदरावर ३० लाखांना पडली असे समजू. शुल्कासह ५१ लाख, जीएसटीसह ७१ लाख ४० हजार, बीदरच्या क्रमांकासह जवळपास ८६ लाख. आता याच जातीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय पाहावी. मे २०२५मध्ये कंपनीने ती भारतात ५३ लाखांच्या शोरूम किमतीला आणली. २६५ पीएस, ३७० न्यूटनमीटर, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. कर्नाटकाचा कर धरूनही ती ६४ लाखांच्या आत बसते. ही गाडीदेखील परदेशातूनच आलेली आहे, तिच्यावरही शुल्क लागलेले आहे. फरक इतकाच की कंपनी आपल्याच कारखान्याकडून घाऊक भावाने घेते आणि एकटा माणूस तिथल्या दुकानदाराकडून किरकोळ भावाने. सीमाशुल्क टक्केवारीने लागते. खरेदीच्या वेळी जास्त मोजलेल्या प्रत्येक रुपयावर इथे पुन्हा दीड-दोन रुपये चढतात. दलाली वाचवायला निघालेला ग्राहक नेमका याच ठिकाणी दलालीच्या कितीतरी पट घालवून बसतो.

जुनी गाडी लिलावात स्वस्तात मिळते, तिचे काय, असे विचारले जाते. कस्टम्स लिलावाच्या पावतीवर विसंबून राहत नाही. निर्मात्याची मूळ यादीतली किंमत घेऊन वयानुसार घसारा वजा करते आणि उरलेल्या रकमेवर शुल्क लावते. स्वस्त खरेदीचा फायदा शुल्कात उतरत नाही.

कंपन्यांना अशा गाड्या मर्यादित संख्येने आणणे परवडते याला आणखी एक कारण आहे. निर्माता किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी वर्षाला २,५०० गाड्या इथल्या संपूर्ण प्रमाणन चाचण्यांविना आणू शकतो, ही सवलत २०१८मध्ये रुंदावली गेली. २०२०ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, दोनशे गाड्यांची खेप, या सवलतीतून आली होती. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस ४९ लाख ९९ हजारांना, अवघ्या शंभर, आल्या आणि संपल्या. इथे आयातीच्या कैवाऱ्यांचा एक मुद्दा मान्य करायला हवा : या खेपा फार छोट्या असतात, आणि भालकीच्या माणसाला कळेपर्यंत पुण्या-मुंबईचे ग्राहक नोंदणी करून मोकळे झालेले असतात. पण यावर उपाय आहे तो आगाऊ नोंदणीचा. स्वतः जहाज भरून आणण्याने तो प्रश्न सुटत नाही, फक्त तीस टक्क्यांहून जास्त महाग होतो. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार कराराकडे बोट दाखवून ‘थोडे थांबा, शुल्क दहा टक्क्यांवर येणार’ असेही सांगितले जाते. ती कपात कोट्यापुरती आणि टप्प्याटप्प्याची आहे. जग्वार-लँड रोव्हर आणि अॅस्टन मार्टिन ज्या रांगेत उभे आहेत, तिथे हुमनाबादच्या एका माणसाच्या एका गाडीला कितपत जागा मिळेल हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

दुसरा सल्ला हैदराबादचा. बीदरपासून दीडशे किलोमीटरच्या आत असलेले हे शहर या पट्ट्याची नैसर्गिक बाजारपेठ आहे. लग्नाचा बस्ता तिथून, मोठे ऑपरेशन तिथे, मग गाडीही तिथलीच. तिथल्या जुन्या आलिशान गाड्यांच्या दालनात परदेशी गाडी नव्या किमतीच्या निम्म्याने मिळते आणि व्यवहार दोन तासांत उरकतो. ती निम्म्याने का मिळते, एवढा एकच प्रश्न विचारला जात नाही.

मे २०२५मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने हैदराबादच्या एका आलिशान गाड्यांच्या विक्रेत्याला अटक केली. संचालनालयाचा आरोप असा की अमेरिका आणि जपानमधून घेतलेल्या महागड्या गाड्या दुबई, श्रीलंका अशा वाटांनी फिरवल्या गेल्या, वाटेत डाव्या स्टिअरिंगच्या उजव्या केल्या गेल्या, आणि कागदावर निम्मी किंमत दाखवून शंभर कोटींहून अधिक शुल्क बुडवले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात कस्टम्सने केरळमध्ये भूतानमार्गे चोरून आणलेल्या गाड्यांसाठी छापे घातले, तेव्हा बड्या सिनेनटांच्या घरांपर्यंत पथके पोचली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे ते होवोत. खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच : सीमाशुल्क कायद्यात जप्ती मालावर येते. विक्रेत्याची चौकशी चालू असताना गाडी मालकाच्या अंगणात नसते, गोदामात असते.

यावर एक उत्तर तयार असते. नंतरचा खरेदीदार हा आयातदार नाही, त्याच्याकडून शुल्क वसूल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका पोर्शे करेराच्या प्रकरणात म्हटले आहे. निकाल खराच आहे आणि खरेदीदाराच्या बाजूचा आहे. पण ती गाडी आली होती २०००च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तिच्या खरेदीदाराला हा दिलासा मिळेपर्यंत दोन दशके लोटली. वेगवान गाडी घेऊन वीस वर्षे तारखा मोजणे हा ज्यांना सौदा वाटतो, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. बाकीच्यांनी आयात केलेल्या जुन्या गाडीचे बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याची पावती आणि चॅसिस क्रमांक एकमेकांशी ताडून पाहावेत. या तीन गोष्टी दाखवायला विक्रेता कुरकुरला तर भाव आणखी निम्मा झाला तरी उठून यावे.

तिसरा सल्ला पासिंगचा. तो सर्वांत जुना आहे आणि सर्वांत जास्त पाळला जातो, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. त्याची मुळे सीमेच्या इतिहासात आहेत. निजामी राजवटीत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे तो संस्थान ओलांडून सोलापूरकडे जाताना. बीदर आणि उदगीर यांच्यामध्ये सीमाच नव्हती. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. १ नोव्हेंबर १९५६ला ते मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, बीदर म्हैसूर राज्यात आले, आणि सोयरीक मात्र जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे औरादच्या माणसाचा साडू उदगिरात असतो, बसवकल्याणच्या माणसाची बहीण उमरग्यात आणि आळंदच्या माणसाचा मामा अक्कलकोटात. पाहुण्यांचा पत्ता, पाहुण्यांचे आधार कार्ड, आणि गाडीवर लातूरचा एमएच-२४ किंवा सोलापूरचा एमएच-१३. व्यवहार इतका घरगुती की त्यात काही बेकायदा आहे असे कोणाला वाटतच नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ४०नुसार गाडीची नोंदणी मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी नेहमी जिथे ठेवली जाते, त्या राज्यात व्हावी लागते. २०१९च्या दुरुस्तीने एवढेच झाले की त्या राज्यातल्या कोणत्याही आरटीओत जाता येते. कलम ४७नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. कर्नाटकाने २०१४मध्ये करकायद्यात दुरुस्ती करून तीस दिवसांनंतरच लाइफ टॅक्स मागायला सुरुवात केली होती. २०१६मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि एक वर्षाची मुदत परत आली. या निकालाचा सीमाभागात लावला जाणारा अर्थ विलक्षण आहे : अकरा महिन्यांनी गाडी एकदा सीमेपलीकडे फिरवून आणली की घड्याळ पुन्हा शून्यावर.

ही पळवाट दोन ठिकाणी फसते. पहिले, बारा महिन्यांची सवलत खरोखर दुसऱ्या राज्यातून आलेल्यासाठी आहे. जी गाडी शोरूममधून निघाली ती थेट भालकीच्या अंगणात येऊन थांबली, तिची पहिली नोंदणीच कलम ४०च्या विरुद्ध आहे. तिच्यासाठी घड्याळ सुरूच होत नाही. दुसरे, गाडी कुठे राहते हे आता शेजाऱ्याच्या साक्षीवर ठरत नाही. फास्टॅगच्या नोंदी आहेत, टोलनाक्यावरचे कॅमेरे आहेत, सर्व्हिसिंगची बिले आहेत, विम्याचा पत्ता आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये बंगळुरूत परिवहन खात्याने बाहेरच्या राज्यांत नोंदलेल्या तीस आलिशान गाड्या ताब्यात घेतल्या. जुलैमध्ये एका फेरारी एसएफ९० स्ट्राडालेचे प्रकरण गाजले. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली आणि सप्टेंबर २०२३पासून बंगळुरूत फिरत असलेली. कर आणि दंड मिळून मालकाने एका दिवसात १ कोटी ४१ लाखांहून अधिक रक्कम भरली. महाराष्ट्रात भरलेला कर अशा वेळी वजा होत नाही. तो परत मिळवायला महाराष्ट्राच्या आरटीओकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्या परताव्याची वाट पाहिलेल्यांना त्याविषयी जास्त सांगण्याची गरज नाही.

फेरारीचे उदाहरण ऐकले की ‘आपली गाडी कुठे सात कोटींची’ असे म्हणून विषय झटकला जातो. मग आपल्या गाडीचाच हिशेब करू. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. एकोणीस लाखांच्या गाडीला तिथे २ लाख २८ हजार, कर्नाटकात उपकरासह सुमारे ३ लाख ५९ हजार. फरक १ लाख ३१ हजार. पन्नास लाखांच्या, इथेच जुळणी झालेल्या गाडीला साडेसहा लाख विरुद्ध दहा लाख; फरक साडेतीन लाख. रक्कम लहान नाही, पण ती वाचते कधी? पकडले न गेल्यास, आणि तेही एकदाच.

आता याच हिशेबात आयात केलेली गाडी घालून पाहावी, म्हणजे पहिला आणि तिसरा सल्ला एकमेकांना कसे छेदतात ते दिसते. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर असलेल्या गाडीला महाराष्ट्रात १३ नव्हे, २० टक्के कर लागतो. कर्नाटकाचा दरही उपकरासह तेवढाच. म्हणजे ज्याने लातूरचा पत्ता शोधून आयात केलेली गाडी तिथे नोंदवली, त्याने काहीच वाचवले नाही! महाराष्ट्राचा खरा फायदा कमाल मर्यादेत आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५पासून ३० लाख झाली. वीस टक्क्यांनी ३० लाखांचा कर होण्यासाठी गाडी दीड कोटींची असावी लागते, तेरा टक्क्यांनी २ कोटी ३० लाखांची. त्याखालच्या सगळ्यांसाठी ही मर्यादा असली काय नि नसली काय. फेरारीवाल्याचा डावपेच पोलोवाल्याने उचलावा, यात अनुकरण आहे, हिशेब नाही.

कर वाचतो की नाही याहून मोठा धोका नावाचा आहे. गाडी साडूच्या नावावर असेल तर कायद्यापुढे मालक साडूच. अपघातातल्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. हुमनाबादच्या चौकात झालेल्या अपघाताची नोटीस उदगीरच्या शिक्षकाला जाते. उद्या तो माणूस गेला तर गाडी त्याच्या वारसांची. कर्ज त्याच्या नावावर, विम्याचा दावा त्याच्या सहीने. दीड लाख वाचवण्यासाठी नात्यावर एवढे ओझे टाकणाऱ्याला व्यवहारी म्हणण्याची पद्धत सीमाभागात आहे.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो : एकच रस्ता, एकच पेट्रोलपंप, एकच पाऊस, मग दहा किलोमीटर अलीकडे राहणाऱ्याने दीडपट कर का द्यावा? आक्षेप रास्त आहे. कर्नाटकाचा मोटार कर देशातल्या सर्वांत जड करांपैकी आहे आणि त्याला कमाल मर्यादा नाही. त्यामुळे महागड्या गाड्या राज्याबाहेर नोंदल्या जातात आणि त्यांच्यामागे धाडी घालत फिरावे लागते. मर्यादा घातली असती तर कदाचित जास्त महसूल आला असता. या पट्ट्याचा समावेश असलेल्या कल्याण कर्नाटकाला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१-जे खाली शिक्षण आणि नोकऱ्यांत खास तरतुदी मिळाल्या, वाहनकरात मात्र औरादचा माणूस बंगळुरूच्या कोट्यधीशाच्याच दराने मोजला जातो. हे सारे आमदाराकडे, विधानसभेत, गरज पडल्यास न्यायालयात मांडण्यासारखे आहे. २०१४ची दुरुस्ती न्यायालयातच पडली होती. साडूच्या आधार कार्डाने मात्र ते मांडले जात नाही.

राहिला मूळ समज, की इथे मिळणारी गाडी मिळमिळीत असते. वीस वर्षांपूर्वी तो बराचसा खरा होता. आज पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी दीड लिटरच्या टर्बो इंजिनातून १५० पीएस आणि २५० न्यूटनमीटर देते आणि शंभरचा वेग नऊ सेकंदांच्या आसपास गाठते. ह्युंदाईची क्रेटा एन लाइन १६० पीएसची, महिंद्राची एक्सयूव्ही७०० पेट्रोल २०० पीएसची. खिसा मोठा असेल तर बीएमडब्ल्यूची एम३४०आय चेन्नईत जुळवली जाते. मार्च २०२१मध्ये ती ६२ लाख ९० हजारांना आली तेव्हा ३८७ अश्वशक्ती आणि ४.४ सेकंद हे आकडे घेऊन आली. तेवढ्या वेगाची गाडी पूर्ण आयात केली तर काय होते ते वर चाळीस लाखांच्या उदाहरणात आले आहे. सुट्या भागांच्या संचावरचे शुल्क, इंजिन-गिअरबॉक्स आधी जुळवलेले नसतील तर, १५ टक्के आहे. ११० आणि १५ यांतले अंतर हाच इथल्या जुळणीचा फायदा. विजेच्या गाड्यांनी तर वादाची जमीनच बदलली. चाकणचीच महिंद्रा बीई ६ मोठ्या बॅटरीसह २८६ पीएस देते, आणि तिच्यावर जीएसटी ४० नव्हे, ५ टक्के आहे.

इंधनाचा मुद्दा आयातवाल्यांच्या चर्चेत येतच नाही, वास्तविक तो पहिला यायला हवा. २०२५पासून देशभर पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. त्याचा ऑक्टेन किमान ९५ असल्याने ‘इथल्या पेट्रोलवर वेगवान इंजिन खडखडते’ ही जुनी तक्रार बरीच मवाळ झाली आहे. मात्र युरोपातल्या बहुतेक गाड्यांच्या टाकीच्या झाकणावर ई१० लिहिलेले असते. त्यांचे रबरी पाइप, सील आणि इंधनाचे संगणकीय गणित वीस टक्क्यांसाठी ठरवलेलेच असेल असे नाही. भारतासाठी विकली जाणारी गाडी या इंधनावर प्रमाणित होऊन येते आणि बिघडली तर कंपनीची वॉरंटी असते. स्वतः आणलेल्या गाडीला इथली कंपनी वॉरंटी देत नाही. ज्या जिल्ह्याच्या उसातून इथेनॉल होते, त्याच जिल्ह्यात ते गाडीला सोसेल का हे न तपासता ती मागवावी, हा योगायोग मजेशीर खरा.

रस्ता हा तसाच दुर्लक्षित विषय. सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ६५ हुमनाबादवरून जातो. या पट्ट्यात मोठी गाडी खऱ्या अर्थाने चालवता येईल असा तोच रस्ता, आणि चौपदरी महामार्गावर मोटारींची केंद्रीय कमाल मर्यादा २०१८पासून ताशी १०० किलोमीटर आहे. महामार्ग सोडून औराद, भालकी, आळंदच्या आत शिरले की खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचे डांबर तिच्यासोबत लाटा घेते. गावागावातले गतिरोधक कोणत्याही मापात न बसणारे. तीन-चार वर्षांनी हलक्या, बुटक्या, कडक सस्पेन्शनच्या गाडीचे खालचे कव्हर, एखादे ॲलॉय आणि दोन बुश बदलावे लागणार, हे धरूनच चालायचे. व्हर्टससाठी ते सोलापूर किंवा हैदराबादेतून दुसऱ्या दिवशी येतात. भारतात न विकल्या जाणाऱ्या गाडीचा एक पुढचा बंपर नागोया किंवा स्टुटगार्टहून विमानाने मागवावा लागतो, त्यावर पुन्हा शुल्क, आणि तोवर गाडी दोन विटांवर. फेरारी, लॅम्बोर्गिनी यांची अधिकृत दालने मुंबई, दिल्ली, बंगळुरूत आहेत. कलबुर्गीहून बंगळुरू सहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका सर्व्हिसिंगमागे दोन दिवस आणि एक फ्लॅटबेड ट्रक.

आयात योग्य ठरते अशी स्थिती असतेच. जी गाडी भारतात ना विकली जाते ना जुळवली जाते, जिच्यासारखी दुसरी नाही, जी रोज चालवायची नाही, आणि जिच्या मालकाला तिप्पट-चौपट किंमत व पुण्या-मुंबईच्या गॅरेजांचा खर्च खुपत नाही, तिच्यासाठी बंदराचा रस्ता खुला आहे. संग्राहकाला हिशेब शिकवण्याचे कारण नाही. पण तोही मालक बीदरचा असेल तर त्याने तिथलाच केए-३८ क्रमांक घ्यावा. नोंदणीच्या कराचा आकडा त्याच्यासाठी शुल्क आणि जीएसटीपुढे लहान असतो, आणि फेरारीच्या प्रकरणानंतर सर्वांत महागात पडणारी कंजूषीही तीच ठरू शकते.

बाकीच्या ग्राहकांनी ‘इथली गाडी’ म्हणजे आपल्या गावातल्याच शोरूमची गाडी असा संकोच करून घेण्याची गरज नाही. जीएसटी आल्यापासून दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून गाडी घेण्यात कसलीही अडचण नाही. खरेदी कुठेही करता येते, नोंदणी घरच्या राज्यात करायची. पुणे, सोलापूर, हैदराबाद, जिथे रंग आणि भाव पसंत पडेल तिथे गाडी बुक करावी आणि बिलावर कर्नाटकातला पत्ता घालून घ्यावा. विक्रेता तात्पुरती नोंदणी काढून देतो, सोबत विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२, आणि विमा. हे कागद व फॉर्म २० घेऊन, लाइफ टॅक्स भरून, मुदतीत आरटीओत गेले की कायमचा क्रमांक मिळतो : बीदरला केए-३८, भालकीला केए-३९, बसवकल्याणला केए-५६, कलबुर्गीला केए-३२. नोकरीमुळे राज्ये बदलत राहणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरदारांसाठी २०२१पासून भारत मालिकेचा बीएच क्रमांक आहे. त्यात कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरता येतो. डाळमिलवाला, कंत्राटदार आणि स्वतःचा दवाखाना असलेला डॉक्टर मात्र त्यात बसत नाहीत.